चप्पल हाय म्हंजे माणूस हाय

"मला त्या रेवतीबरूबर फोटू काढायचाय," असं लंकाबाईंनी भाकरी थापता थापता जाहीर केलं, तेव्हा बाहेरच्या खोलीत रामनाथभाऊंच्या हातातला पेपर जरासा हलला. मग पेपराच्या आडून आवाज आला, "कोण रेवती?"

"कोण काय! पाटलांची पाचवी सून."

घोडेगावात हा प्रश्न विचारायला माणूस एक तर परगावचा असायला हवा, नाहीतर त्याच्या घरी टीव्ही तरी नसायला हवा. 'पाटलांची पाचवी सून' ही मालिका रोज संध्याकाळी साडेसातला लागायची आणि तेवढा अर्धा तास पेठेतले दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाशी एका डोळ्यानं बोलायचे. रामनाथभाऊंच्या घरी टीव्ही बाहेरच्या खोलीत होता आणि गॅस आतल्या. त्यामुळे लंकाबाई टीव्हीकडे पाठ करून भाकऱ्या करायच्या आणि मालिका कानांनी बघायच्या. रेवतीचं हसणं, रडणं, रडता रडता हसणं, सगळं त्यांना आवाजावरून कळायचं. रामनाथभाऊ मात्र टीव्हीसमोरच्या खुर्चीत पेपर वाचत बसायचे. "असल्या रडारडीत मला काय बी इंटरेस नाय," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता सांगायचे.

मोहिनी, त्यांची सून, मोबाईल घेऊन बाहेर आली. "आत्या, रविवारी नारायणगावला मालिकेचा चाहता महामेळावा हाय. समदे कलाकार येणारेत. मी दोन पास काढले, तुमचा नि मामांचा. मला काय येता येणार न्हाई, बारक्याची परीक्षा हाय."

"मी कशापायी?" पेपर म्हणाला.

"मग मी येकटी जाऊ व्हय त्या गर्दीत?" लंकाबाईंनी विचारलं. "गर्दीतलं कळतं कुणाला? तुमाला. पण जाऊ द्या. तुमचं नि माझं जमायचं न्हाई. मंचरला ठेवून याल मला."

हा घाव वर्मी लागला. रामनाथभाऊ एसटीत कंडक्टर होते. लग्नानंतर पहिल्यांदाच लंकाबाई त्यांच्या ड्यूटीच्या गाडीतून माहेरी निघाल्या होत्या आणि मंचरच्या स्टँडवर पाणी प्यायला खाली उतरल्या होत्या. गाडीची वेळ झाली. रामनाथभाऊंनी घड्याळ बघितलं आणि डबल बेल मारली. "येळ म्हंजे येळ. बायको असली म्हणून काय झालं?" हे वाक्य ते पुढे काही वर्षं अभिमानानं सांगत. नंतर नंतर लंकाबाई समोर नसतील तेव्हाच सांगत. आता रिटायर झाल्यावर सांगणंच बंद केलं होतं.

पेपर घडी होऊन खाली आला. "फोटू काढून देणार म्हंजे देणार," रामनाथभाऊ म्हणाले. "रेवतीच्या शेजारी तुला हुबी करून आणली न्हाई, तर नावाचा रामनाथ कंडक्टर नाय. लाईनीचं मला कुणी शिकवू नका. माझी जिंदगी लाईनीत गेली."

हे खरं होतं. रिटायर झाल्यावरही त्यांच्या हातून लाईन सुटली नव्हती. कुणाच्या लग्नाला गेले तर ते अक्षतांआधी पंगतीची व्यवस्था बघून यायचे. गिरणीत डबे वेडेवाकडे दिसले तर सरळ करून यायचे. एरवी मात्र दिवसभर त्यांना काही सुचत नसे. अंगणात येरझाऱ्या घालायच्या, रस्त्यानं गाडी गेली की घड्याळ बघायचं आणि "उशिरा हाय" असं म्हणून पुन्हा आत यायचं. लंकाबाई हे सगळं भाकरी थापता थापता बघत होत्या.

रविवारी सकाळी दोघं निघाली. घोडेगावहून मंचरमार्गे थेट नारायणगावची जीप. मंचरला लंकाबाई जीपमधून उतरल्याच नाहीत. पाणी घरून आणलं होतं.

नारायणगावात हायवेच्या कडेच्या मोकळ्या मैदानावर मांडव पडला होता. लांबून यात्राच वाटत होती. जुन्नरकडची, आंबेगावकडची, खोडद-मांजरवाडीची माणसं ट्रॅक्टर काढून आली होती. आत मालिकेतलं स्वयंपाकघर उभं केलं होतं, देवघर उभं केलं होतं आणि रेवतीला ज्या विहिरीत ढकललं होतं ती पुठ्ठ्याची विहीरसुद्धा होती. प्रत्येक गोष्टीला वेगळी लाईन. देवघरापुढं माणसं चपला काढून नमस्कार करत होती. विहिरीपाशी बायका वाकून आत बघत होत्या आणि "बाई गं, एवढ्या खोल पडली!" म्हणून हळहळत होत्या. पण सगळ्यात मोठी लाईन होती ती रेवतीबरोबरच्या फोटोची. ती मांडवातून निघून, बांबूंच्या कठड्यातून नागमोडी फिरून, बाहेर येऊन पार हायवेला टेकली होती.

"फोटो तीन वाजता चालू व्हणार," पुढच्या बाईनं सांगितलं. ही नारायणगावच्याच कापड दुकानवाल्या शेठची बायको, सज्जनबाई. अंगावर गुजराती पद्धतीची साडी, पायात जरीची मोजडी आणि हातात खाकऱ्यांचा डबा. "मॅडम चारला जाणार मुंबईला. आमच्या शेठनी आधीच सांगितलं, तुझा नंबर लागणार नाय म्हणून. पण शेठचं कोण ऐकतंय?"

ऊन चढत होतं. लाईन तसूभर हलत नव्हती. लंकाबाई एकदा या पायावर, एकदा त्या पायावर जोर देऊन उभ्या होत्या. त्यांचा गुडघा दुखायला लागला की त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त पदर खोचून पुन्हा काढायच्या. तिसऱ्यांदा पदर खोचला तेव्हा रामनाथभाऊंनी निर्णय घेतला.

"चपला काढ," ते म्हणाले.

लंकाबाईंना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी चपला काढल्या, जागेवर सरळ लावल्या आणि समोरच्या लिंबाच्या सावलीत जाऊन बसल्या. रेशनच्या दुकानापुढं, पाण्याच्या टँकरपुढं, रॉकेल मिळत होतं तेव्हा रॉकेलपुढं, या मुलखात असाच नंबर लागत आला होता. चप्पल हाय म्हंजे माणूस हाय. माणसाला ढकलून कुणी पुढं जाईल, पण चपलेला ओलांडून जाणारा अजून जन्मायचा होता.

सज्जनबाईंनी क्षणभर विचार केला आणि जरीची मोजडी काढली. मागच्या गड्यानं वहाणा काढल्या. मग त्याच्या मागच्यानं. बघता बघता अख्खी लाईन लिंबाखाली, ट्रॅक्टरच्या सावलीत, मिळेल तिथं जाऊन बसली आणि उन्हात उरल्या नुसत्या चपला. रबरी, चामडी, चंदेरी, एक अंगठा तुटलेली, एक नवीकोरी, अजून किमतीची चिठ्ठी न काढलेली. मांडवाच्या दारापासून हायवेपर्यंत एकामागं एक, शिस्तीत.

"पण लाईन सरकली तर?" कुणीतरी शंका काढली.

"मी हाय की," रामनाथभाऊ म्हणाले.

त्यांनी कुठून तरी एक वेळूची काठी पैदा केली. दार उघडून थोडी माणसं आत मांडवात बसायला सोडली की ते पुढच्या चपलांच्या मालकांना हाका मारायचे, "निळी स्लीपर, चला! काळी पट्टी, चला!" आणि मग काठीनं उरलेल्या चपला एकेक करून पुढं सरकवायचे. "म्होरं सरका, म्होरं सरका. दारात गर्दी करू नका," असं ते सवयीनं चपलांनाच सांगत होते. त्यांची मान ताठ झाली होती. रिटायर झाल्यापासून त्यांचा आवाज इतका मोकळा कुणी ऐकला नव्हता. लिंबाखाली लंकाबाईंनी भाकरी-ठेच्याचं गाठोडं सोडलं, सज्जनबाईंनी खाकऱ्याचा डबा उघडला, आणि ओळख नसलेल्या बायका एकमेकींना रेवतीच्या सासरचे हाल सांगू लागल्या.

"अवो, दोन घास खाऊन जावा," लंकाबाईंनी हाक मारली. "चपला काय पळून जात न्हाईत."

रामनाथभाऊ जेवायला बसले. इतक्या मोठ्या लाईनीला पाच-दहा मिनिटं वाऱ्यावर सोडण्याची चूक त्यांनी नोकरीत कधी केली नसती. पण ठेचा शेंगदाण्याचा होता.

त्याच वेळी ऋतिक मांडवाबाहेर आला. मेळावा भरवणाऱ्या कंपनीचा हा मुंबईचा मुलगा. हातात वॉकीटॉकी, गळ्यात ओळखपत्र, अंगावर कंपनीचा टी-शर्ट. फोटोची लाईन बघायला तो आला होता आणि त्याच्यापुढं चपला होत्या. माणूस एकही नाही. तो गार झाला. मग त्यानं आत देवघरापुढं नमस्कार करणारी माणसं बघितली आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अरे, काय श्रद्धा आहे लोकांची!" तो वॉकीटॉकीवर म्हणाला. "देवघर आत आहे तर यांनी रस्त्यापासून चपला काढल्यात. किती नीट लावून ठेवल्यात बघा. यांची एकही चप्पल हरवता कामा नये. सगळ्या व्यवस्थित गोळा करा."

मुलं कामाला लागली. नारायणगाव म्हणजे टोमॅटोची बाजारपेठ, तिथं क्रेटला काय तोटा? कुणाच्या तरी पिकअपमधून प्लॅस्टिकचे क्रेट उतरले आणि लाईनमधल्या चपला त्यांत मोठ्या आदरानं भरल्या गेल्या. मुलं इतकी मनापासून काम करत होती, की मांडवामागं कलाकारांच्या गाडीच्या पायरीशी पडलेली, उंच टाचेची सोनेरी सँडलची जोडीही एकानं उचलून क्रेटमध्ये टाकली.

पहिली किंकाळी सज्जनबाईंची. "माझी मोजडी!"

लिंबाखालून सगळा जमाव उठला. बघतात तर लाईन नाही. हायवेपासून दारापर्यंत नुसती माती. अनवाणी माणसं तापल्या जमिनीवर उड्या मारत लाईन शोधू लागली. मुलांनी अभिमानानं क्रेट दाखवले. क्रेटमध्ये अख्खी लाईन होती, पण कालवलेली.

"कंडक्टर, आमची लाईन कुठाय?" एकजण ओरडला आणि सगळ्या माना रामनाथभाऊंकडे वळल्या. त्यांच्या हातात अजून भाकरीचा तुकडा होता.

"आपापल्या जागी हुबं ऱ्हावा," रामनाथभाऊ म्हणाले.

"जागा कुठली? मी त्या निळ्या स्लीपरच्या मागं व्हतो!"

"अन् निळी स्लीपर कुणाची?"

"ते मला काय ठावं? मी काय तोंड बघितलं व्हय? चप्पल बघितली!"

अडचण इथं होती. सगळ्यांनी शेजाऱ्याची चप्पल लक्षात ठेवली होती, शेजारी कुणीच ठेवला नव्हता. पुन्हा लाईन लावायची तर चपला हव्यात. चपला हव्यात तर क्रेटमधून घ्यायला हव्यात. आणि सगळे एकदम क्रेटवर तुटून पडले, तेव्हा ऋतिक दोन्ही हात पसरून आडवा आला. "प्लीज, असं नको! एकेक जण या. लाईन करा!"

"चपलांसाठी लाईन?"

"हो, लाईन!"

"मग आता नंबराला ठेवायचं काय?" सज्जनबाईंनी अनवाणी पाय आळीपाळीनं उचलत विचारलं.

आरडाओरडा वाढला. ऋतिकचा चेहरा रडवेला झाला. त्यानं रामनाथभाऊंचा हात धरला. "काका, सगळे म्हणतायत तुम्हाला हे जमतं. मघाशी मी बघितलं असतं तुम्हाला, तर मी चपलांना हातही लावला नसता. प्लीज सांभाळा."

रामनाथभाऊंनी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला, एक क्रेट पालथा घातला आणि त्यावर बसले. बसण्याची ऐटच अशी की आपोआप शांतता झाली. "एका मागं एक. खूण सांगायची, जोड घ्यायचा, फोटूच्या लाईनीत जायाचं. धक्काबुक्की केली तर शेवटचा नंबर. टी-शर्टवालं बी लाईनीत."

लाईन लागली. लंकाबाई सगळ्यात पुढं होत्या, कारण त्या नवऱ्याच्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी खूण सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "व्वा राव! कंडक्टरच्या बायकोला पयला नंबर! आमी हायेच हितं पाय भाजत."

रामनाथभाऊंचे कान लाल झाले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी साहेबाच्या मेहुण्यालासुद्धा रांगेतून पुढं घेतलं नव्हतं. त्यांनी वर बघितलं नाही.

"लंके," ते म्हणाले, "तू शेवटी जा."

लंकाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. जराच वेळ बघितलं, पण त्यात मंचरचा स्टँड होता. मग त्यांनी आपली कापडी पिशवी उचलली आणि अनवाणी पायांनी, दुखरा गुडघा ओढत, अख्ख्या लाईनीच्या कडेनं चालत शेवटाला जाऊन उभ्या राहिल्या. रामनाथभाऊंनी पुढच्या माणसाला विचारलं, "खूण?" पण त्यांचा आवाज मघासारखा लागला नाही.

थोड्या वेळानं एक मुलगी घाईघाईनं थेट क्रेटपाशी आली. स्कूटरवाल्या पोरी बांधतात तसा चेहऱ्याला स्कार्फ बांधलेला, पाय अनवाणी. "काका, माझे सँडल चुकून यात आलेत. मला पाच मिनिटांत जायचंय. आमच्या माणसानं तीन जोड्या आणल्या, तिन्ही दुसऱ्यांच्या. मी बघून घेऊ का?"

"समद्यांनाच जायाचंय," रामनाथभाऊ मान वर न करता म्हणाले. "हितं वशिला चालत नाय. माझी सोताची बायको शेवटी हाय, ती बगा तिकडं. तिच्या मागं हुबं ऱ्हावा."

मुलीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, लाईनीतल्या शंभर डोळ्यांकडं बघितलं, स्कार्फ आणखी घट्ट केला आणि निमूट शेवटाला गेली.

लंकाबाई तेव्हा पाय भाजू नये म्हणून पिशवी जमिनीवर अंथरून तिच्यावर उभ्या होत्या. मागं मुलीचं "आई गं" ऐकू आलं, तशा त्या थबकल्या. हा "आई गं" त्यांनी रेवती विहिरीत पडताना ऐकला होता. जिन्यावरून घसरताना ऐकला होता. गरम कढई हातातून सुटली तेव्हाही ऐकला होता. त्या सावकाश वळल्या. स्कार्फमधून नुसते डोळे दिसत होते, पण लंकाबाईंना डोळ्यांची गरज नव्हती.

त्या ओरडल्या असत्या तर लाईन मोडून सगळी माणसं त्या अनवाणी पोरीच्या पायांवर आली असती. लंकाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त पिशवीवर जरा सरकून जागा केली.

"ये हितं. पाय ठेव. भाजतंय ते."

"नको आजी, तुम्हाला जागा..."

"ये म्हणते ना."

एका पिशवीवर चार पाय मावले. अंग अंगाला लागत होतं. लंकाबाईंनी हळूच विचारलं, "काय खाल्लंस का सकाळपासनं?"

"सकाळपासून सगळे फोटोच मागतायत," ती म्हणाली. "हे कुणीच विचारलं नाही."

लंकाबाईंनी कनवटीला बांधावा तसा पदरात जपून ठेवलेला भाकरीचा चतकोर काढला, वर ठेचा होता. मुलीनं स्कार्फ जरा खाली ओढून, लंकाबाईंच्या खांद्याआड तोंड लपवून, तो तिथंच उभ्या उभ्या संपवला. डोळ्यांतून पाणी आलं. "लई तिखट हाय का?" "नाही, फार छान आहे," असं म्हणत ती नाक पुसत राहिली. लाईन इंच इंच पुढं सरकत होती, त्या दोघी पिशवी ओढत ओढत तिच्यामागं सरकत होत्या. मध्येच लंकाबाईंनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. मुलीनं पुढं, पालथ्या क्रेटवर बसलेल्या रामनाथभाऊंकडं बघितलं आणि ती हसली.

तिकडं रामनाथभाऊंचा जीव थाऱ्यावर नव्हता. ज्यांना चपला मिळत होत्या ते पळत जाऊन फोटोच्या लाईनीत उभे राहत होते. म्हणजे चपलांच्या लाईनीत जो शेवटी, तोच फोटोच्याही लाईनीत शेवटी. स्पीकरवरून सारखं सांगत होते, "मॅडम थोड्याच वेळात येत आहेत." तीन वाजून गेले होते. मॅडमचा पत्ता नव्हता. आली असती तरी चारपर्यंत लंकाबाईंचा नंबर लागला नसता. हे गणित रामनाथभाऊंनी प्रत्येक जोड देताना केलं आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच आलं.

सज्जनबाईंना मोजडी मिळाली. "शेठनी सांगितलंच होतं," असं म्हणत त्या मांडवाकडं धावल्या. शेवटी क्रेटपाशी तिघंच उरली. रामनाथभाऊ, लंकाबाई आणि स्कार्फवाली मुलगी.

रामनाथभाऊ क्रेटवरून उठले. त्यांनी टोपी काढली. खूण विचारली नाही, बायकोच्या चपला त्यांना ठाऊक होत्या. खाली वाकून त्यांनी त्या लंकाबाईंच्या पायांपुढं ठेवल्या.

"लंके, चुकलो मी," ते म्हणाले. "जगाला म्होरं घालवलं अन् तुला पुन्यांदा मागं ठेवलं. एकदा आणली तुला कुठं, तर तिथं बी माझी ड्यूटीच. आता काय फोटू व्हत न्हाई. तू मला काय बी बोल. पर बोल."

लंकाबाईंनी शांतपणे चपला पायात घातल्या. "या पोरीचं सँडल द्या आधी. लाईन हाय."

रामनाथभाऊंनी नाक ओढलं आणि रिकाम्या क्रेटच्या तळाशी उरलेली सोनेरी जोडी उचलली. "हे का? खूण सांगा."

"मामंजी," मुलगी म्हणाली, "तुमच्या सुनेला खूण कशाला हो विचारता?"

रामनाथभाऊंचा हात जागच्या जागी थांबला. मुलीनं स्कार्फ खाली ओढला. रामनाथभाऊंनी बघितलं आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

"पोरी, त्या आत्याबाईच्या हातचं दूध पिऊ नगंस!"

आता हे मालिका न बघणाऱ्या माणसाला कळण्यासारखं नव्हतं. आदल्या रात्रीचा भाग तिथंच संपला होता. दुष्ट आत्याबाईंनी दुधात काहीतरी कालवलं होतं आणि रेवतीनं पेला ओठांपर्यंत नेला होता.

"रातभर डोळ्याला डोळा न्हाई," रामनाथभाऊ बोलतच सुटले. "तुला दिसलं न्हाई का, तिनं पदराआडून पुडी काढली ती? विहिरीच्या येळी बी तसंच केलंस. इश्वास ठेवतीस गं समद्यांवर!"

"अवो," लंकाबाई म्हणाल्या, "तुमी तर पेपर वाचत व्हता ना?"

सँडल छातीशी धरून रामनाथभाऊ उभे राहिले. तोंड लपवायला आता पेपर नव्हता.

"रिटायर झाल्यावर घर खायाला उठायचं मला," ते हळू आवाजात म्हणाले, बायकोला की मुलीला ते कळलं नाही. "कुणी वाट बगत न्हाई, कुणाची वाट बगायची न्हाई. अन् मग साडेसातला ही यायची. एक दिस उशीर न्हाई. येवढ्या वर्सांत येळेवर येणारी ही येकटीच बघितली मी."

मुलीनं त्यांच्या पायांना हात लावला, तसे रामनाथभाऊ दोन पावलं मागं सरकले आणि क्रेटवर बसले.

"आजींनी मला मघाशीच सगळं सांगितलंय," ती म्हणाली. "चला, फोटो काढू."

"माझा न्हाई, हिचा! फोटू हिला पायजे," रामनाथभाऊ म्हणाले.

"मला कशाला पायजे?" लंकाबाईंनी त्यांच्या खिशातून मोबाईल काढून घेतला. "मी आपलं म्हणलं. 'तुमी चला मेळाव्याला' म्हणाले असते, तर तुमी आला असता व्हय? सरका. तोंड सरळ करा. टोपी घाला."

फोटो निघाला. त्यात मुलगी गोड हसत होती आणि शेजारी रामनाथभाऊ, टोपी तिरकी, हातात तिचे सँडल, डोळे भरलेले. तेवढ्यात ऋतिक धापा टाकत आला. "मॅम! सगळीकडे शोधतोय मी! आत लोक वेडे झालेत." सँडल घालता घालता मुलगी वळून म्हणाली, "आजी, तुम्ही राहिलात. या ना, एक तुमचा काढू."

"माझी तुझी भेट झाली की गं, पाय जोडून," लंकाबाई म्हणाल्या. "तू जा. ती माणसं उन्हातनं आलीत. अन् जाता जाता जेव काहीतरी."

मुलगी गेली. मांडवातून एवढा मोठा गलका उठला की हायवेवरच्या गाड्या हळू झाल्या. रामनाथभाऊ डोळे पुसत म्हणाले, "मग आता घरी जायाचं?"

"घरी? माझा फोटू राह्यलाय की."

"कुणाबरूबर?"

"आत्याबाईबरूबर."

रामनाथभाऊ बघतच राहिले. "त्या... त्या इषारी बाईबरूबर?"

"इषारी असंल न्हाई तर काय असंल. पर घरातल्या समद्यांना कसं येका जागी बशिवलंय तिनं! बाई असावी तर अशी. रेवती तुमची, आत्याबाई माझी. कुठं बसलीये ती?"

आत्याबाईंचा मांडव पार टोकाला होता. तिथंही ऐटबाज तयारी होती. बांबूंचे कठडे, नागमोडी वळणं, दोरी, पाट्या. फक्त माणूस नव्हतं. आत्याबाईंना भेटायला सबंध मेळाव्यात कुणी आलं नव्हतं. आत एका खुर्चीवर, नाकात भली थोरली नथ घालून, एक प्रौढ बाई एकटीच हातपंख्यानं वारा घेत बसली होती.

रामनाथभाऊ कठड्याच्या तोंडाशी गेले, टोपी सरळ केली आणि लाईनीत शिरले. पहिलं वळण घेतलं. दुसरं वळण घेतलं. लंकाबाईंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, बांबू वर उचलला, खालून वाकून पलीकडं गेल्या आणि सरळ आत्याबाईंच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या. ठेच्याची पुडी काढली. आत्याबाईंनी पंखा खाली ठेवला.

दोघींचं बोलणं चांगलं रंगात आलं, तेव्हा आत्याबाईंचं लक्ष बाहेर गेलं. रिकाम्या कठड्यांमधून एक टोपीवाले गृहस्थ एकटेच, घाई न करता, कधी इकडं तोंड करून तर कधी तिकडं तोंड करून चालत होते.

"ते कोण हो?" त्यांनी विचारलं.

लंकाबाईंनी मान वळवायचीही तसदी घेतली नाही. "ते व्हय? आमचं मालक हायेत. येत्याल. लाईनीत हायेत."